नवीन मासा महिनाभर विकायचा नाही!



मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोललो आणि तेव्हापासून फोन थांबायला तयार नाहीत. वाक्य साधं होतं. खाऱ्या पाण्याचे मासे विकत असाल, तर आलेला मासा तीस दिवस विकायचा नाही. एका दुकानदार भावानं तर सरळ विचारलं, "सर, तुम्हीच शिकवता माल थांबला का पैसा थांबला. आता म्हणता मासा थांबवा. काहून?"

प्रश्न बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर देताना मला आधी माझीच चूक सांगावी लागेल.

मेडशीहून अकोला सव्वा तासाचा रस्ता. तिथला एक मत्स्यालयवाला माझ्या क्लासला यायचा. गोड्या पाण्याचा धंदा चांगला चालला होता, गोल्डफिश, गप्पी, फ्लॉवरहॉर्न. मग डॉक्टर लोकांकडून मागणी यायला लागली, दवाखान्यात ठेवायला 'निमो' पाहिजे. 2003 च्या त्या सिनेमापासून क्लाउनफिशला आपल्याकडं दुसरं नावच उरलेलं नाही. त्यानं खाऱ्या पाण्याची मोठी टाकी उभी केली. मी त्याला काय सांगितलं? माल फिरता ठेव, आठवड्याला थोडा थोडा माग, आला की टाकीत आणि टाकीतून गिऱ्हाइकाकडं. किराणा दुकानाचं गणित मी जिवंत मालाला लावलं.

पाचव्या का सहाव्या पार्सलमध्ये एक निळी टँग आली. दिसायला ठणठणीत. दोन दिवसांनी ती पंपाच्या धारेत तोंड धरून उभी राहायला लागली, धाप लागल्यासारखी. तिसऱ्या दिवशी अंगावर बारीक पिठासारखी सोनेरी झाक. पुढच्या चार दिवसांत साधारण 36 हजारांचा माल जाळीनं काढून फेकावा लागला. त्याला व्हेल्वेट म्हणतात. डोळ्याला न दिसणारा परजीवी, आधी कल्ल्यांत बसतो, आणि बरेचदा अंगावर काही दिसायच्या आत मासा गुदमरून मरतो.

त्या माणसानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. पण सल्ला माझा होता.

आता मला सांगा, ही गोष्ट आपल्याला खरंच नवीन आहे का? बाजारातून आणलेली बकरी कोणता शहाणा माणूस थेट कळपात सोडतो? दोन-तीन आठवडे वेगळी बांधतो, जंत पाडतो, मग मिसळतो. ब्रॉयलरवाल्यांचा तर नियमच आहे, पिल्लं एकदम भरायची, एकदम काढायची, मधे शेड धुऊन मोकळं ठेवायचं. आणि एप्रिल 2020 मध्ये आमचं गाव सील झालं होतं, तेव्हा पुण्या-मुंबईहून आलेल्या पोरांना चौदा दिवस वेगळं राहावं लागलं, हे काय मी तुम्हाला सांगायचं? माणसाला थांबवलं, बकरीला थांबवलं, फक्त दोन हजारांच्या माशालाच आपण पार्सलमधून काढून थेट पंगतीत बसवतो.

तरी गोड्या पाण्याच्या दुकानदाराला हे पटत नाही, त्याचं एक कारण आहे. त्याला 'पांढरे ठिपके' माहीत असतात. गोड्या पाण्यात ठिपके दिसले की तो हीटर वाढवतो, मूठभर मीठ टाकतो, आणि आठ-दहा दिवसांत काम होतं. समुद्री माशालाही ठिपके पडतात, दिसायला तसेच. पण तो रोग वेगळा, जीव वेगळा. क्रिप्टोकॅरियन त्याचं नाव. तो मिठातच जन्मलेला, त्याला मिठाची काय भीती? आणि पाणी तापवलं तर त्यातला प्राणवायू कमी होतो, आधीच धापणारा मासा आणखी लवकर जातो.

या क्रिप्टोकॅरियनची चाल समजून घ्या, कारण तीस दिवसांचा हिशोब त्यातच आहे. तो माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो. मग गळून तळाला पडतो आणि कवच करून बसतो. कवचातून पिल्लं निघायला कधी तीन दिवस, कधी चार आठवडे. सर्वांत लांब नोंद 72 दिवसांची आहे, म्हणूनच रोग लागलेली मोठी टाकी 76 दिवस माशाविना रिकामी ठेवा असं जाणकार सांगतात. निघालेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं. औषध लागू पडतं ते या पोहत्या पिल्लालाच. अंगावरच्या ठिपक्याला नाही, कवचालाही नाही. ठिपके गेले की दुकानदार खूश होतो, "बरा झाला!" अरे, बरा नाही झाला, तो तळाला जाऊन वाढतोय. ठिपके गेले त्या दिवशी औषध बंद करणारा माणूस दुसरी लाट स्वतः बोलावतो.

औषध कोणतं? तांबं. आणि इथं आपल्या भागातल्या लोकांनी जरा सावध व्हावं, कारण तांबं म्हटलं की आपल्याला मोरचूद आठवतं. संत्र्याच्या झाडाला बोर्डो लावणारा माणूस घरात मोरचूद ठेवतोच. कृपा करून ते टाकीत टाकू नका. साध्या तांब्याचं प्रमाण लिटरला 0.15 ते 0.20 मिलीग्राम असतं. दोन फुटी टाकीत 50 लिटर पाणी धरलं तर सगळं मिळून 10 मिलीग्राम तांबं. चिमटीनं हे मोजता येत नाही. कमी पडलं तर रोग हसतो, जास्त झालं तर मासा मरतो. त्यात बाजारात चिलेटेड तांबंही मिळतं, त्याचं प्रमाण लिटरला 2 मिलीग्रामच्या आसपास, म्हणजे दहापट. एका बाटलीचं प्रमाण दुसऱ्या बाटलीला लावून मासे मारलेले लोक मी पाहिले आहेत.

बोर्डोत चुना मोरचुदाला धरतो, तसंच टाकीतली प्रवाळाची वाळू, शिंपले, दगड तांबं शोषून घेतात. म्हणून विलगीकरणाची टाकी उघडी-बोडकी ठेवायची. तळाला काही नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक स्पंज फिल्टर, एअर पंप, झाकण. मुख्य टाकीत तांबं कधीच टाकायचं नाही. कोळंबी, गोगलगाय यांना ते विष आहे. (प्रवाळाचं नावच नको. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. गिऱ्हाईक कितीही पैसे देऊ दे, विकू नका.)

आता माझं मत, जे काही जाणकारांना आवडणार नाही. ते म्हणतात, आधी बघत राहा, आजार दिसला तरच औषध द्या. घरी एक टाकी सांभाळणाऱ्याला ते चालेल. दुकानदाराला नाही. ठोक विक्रेत्याकडं शंभर टाक्यांचं पाणी बरेचदा एकाच फिल्टरमधून फिरतं, तिथून आलेला मासा कोणाकोणाच्या पाण्यात राहिलाय देव जाणे. दणकट मासे असतील तर तांब्याचा पूर्ण कोर्स द्यावा, असं मी म्हणतो. पण एक अट आहे. तांबं मोजायची किट हातात पाहिजे आणि रोजचं माप वहीत पाहिजे. किट घ्यायचे पैसे नसतील, तर औषधालाही हात लावू नका. मग दुसरी वाट धरा. मासा दर 72 तासांच्या आत धुऊन वाळवलेल्या दुसऱ्या टाकीत हलवायचा, असं चारदा. ठिपक्यांचा जीव कवचातच मागं राहतो. मेहनत आहे, औषध नाही. व्हेल्वेटवर मात्र या पद्धतीचा भरवसा धरू नका. मँडरिन, पफर, लायनफिश यांना तांबं सोसत नाही, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. आणि अँटिबायोटिक 'असावं म्हणून' टाकणं मला अजिबात मान्य नाही, मेडिकलमधल्या माणसांच्या कॅप्सूल फोडून तर नाहीच नाही. शंका असेल तर नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथं विचारा. मी धंद्याचा मास्तर, माशाचा डॉक्टर नाही.

बरं, पैशाचं बोलू. आकडे समजण्यापुरते धरा. दहा मासे, प्रत्येकी 900 नं पडले, 9,000 गेले. आल्या आल्या 1,600 नं विकले, 16,000 आले. सुटले 7,000. आता महिनाभर ठेवले. मीठ, आरओचं पाणी, खाद्य, औषध धरून आणखी 1,000. दोन मेले. उरलेले आठ जुन्याच भावानं विकले तर 12,800, म्हणजे सुटले फक्त 2,800. इथंच लोक वही मिटतात. मिटू नका. तोच मासा 2,000 नं विका. 16,000 आले, सुटले 6,000. पहिल्या हिशोबापेक्षा हजार कमी. त्या हजारात तुम्ही 36 हजारांच्या टाकीचा विमा काढला. शिवाय गिऱ्हाइकाच्या घरी मासा मेला की येणारा फोन वाचला, आणि तो फोन कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो.

2,000 कोण देईल? ज्याचा मासा एकदा आठव्या दिवशी मेला तो देईल. त्याला सांगा, हा मासा माझ्याकडं महिना झाला, माझ्या हातचं खातो, या बघा तारखा. समुद्र आपल्यापासून पाचशे किलोमीटरहून लांब. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं तेव्हा समोरच समुद्र होता, आपल्याकडं बोअरचं जड पाणी, मे महिन्याची 44 डिग्री आणि लाइट गेली की इन्व्हर्टर. इतक्या लांब आलेल्या जिवाला दम खाऊ देणं हीच तर तुमची सेवा आहे, त्याचे पैसे मागायला लाजू नका.

भांडवल अडकतं, हे खरं. म्हणून आठवड्याला माल मागवणं बंद करा, महिन्याला एकदाच मागवा. विसाव्या दिवशी नवीन मासा त्याच टाकीत टाकला तर सगळ्यांचा पहिला दिवस पुन्हा सुरू. ब्रॉयलरचं शेड आठवा. आणि दोन्ही टाक्यांची जाळी, बादली, पाइप वेगवेगळे. ओल्या हाताबरोबरही रोग जातो.

परवा अकोल्याच्या त्या दुकानात गेलो होतो. मागच्या खोलीत दोन टाक्या, काचेवर मार्करनं लिहिलेलं, "दिवस 19", खाली तांब्याची मापं. बाहेर एक डॉक्टर हट्ट धरून बसले होते, त्यांना मागचीच जोडी पाहिजे होती, आत्ताच. दुकानदारानं त्यांना चहा पाजला आणि अकरा दिवसांनंतरची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. डॉक्टरसाहेब थोडे रागावलेच. पण जाताना 500 रुपये ॲडव्हान्स ठेवून गेले.