पडलेले पिस्तूल आणि मोकळा कारखानदार

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने सिग सॉअर कंपनीचे पी-३२० पिस्तूल पत्करले. पाठीवर विशिष्ट कोनात आपटल्यास त्याचा जड चाप स्वतःच्याच जडत्वाने मागे सरके आणि गोळी सुटे. बोट लागण्याची गरजच नाही! लष्करी चाचणीत दोष दिसताच लष्करासाठी चाप हलका झाला. तेच पिस्तूल कमरेला लावून राबणाऱ्या पगारी पोलिसाला मात्र ऑगस्टमध्ये बोभाटा होईपर्यंत थांबावे लागले, आणि मिळाली तीही ‘ऐच्छिक सुधारणा’. सक्ती करणार कोण? १९७२ च्या ग्राहकवस्तू सुरक्षा कायद्यातून बंदुका वगळल्या आहेत. खेळण्यातले पिस्तूल (त्यात दोष असेल तर) सुरक्षा आयोग परत मागवू शकतो. खऱ्या पिस्तुलाला त्याला हात लावता येत नाही.