एक बांध राखा : रानमधमाश्यांसाठी शेतकऱ्यांना जाहीर आवाहन

शेतकरी बंधू-भगिनींनो, खरिपाच्या तयारीत बांध पेटवण्याआधी किंवा त्यावर तणनाशक मारण्याआधी एक विनंती ऐका. यंदा शेताचा निदान एक बांध आग, औषध आणि नांगर यांपासून दूर ठेवा. मागणी रानमधमाश्यांसाठी आहे आणि म्हणूनच तुमच्या पिकासाठीही आहे. मधमाशी म्हटली की आपल्याला आग्या मोहोळ किंवा सातेरीची पेटी आठवते. पण जगात मधमाश्यांच्या २० हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकेकट्या राहतात. त्यांना ना मोहोळ, ना राणी, ना मधाचा साठा. बहुतेक माद्या जमिनीत बीळ करतात, काही वाळक्या काड्यांत राहतात, तर मोठे काळे भुंगे वठलेलं लाकूड पोखरून घर करतात.

या माश्यांचं आरोग्य भोवतालच्या जागेवर ठरतं. मादी बिळात परागाचा गोळा ठेवते आणि त्यावर अंडं घालते. अळीला वाढायला तेवढीच शिदोरी असते. ती तोकडी पडली तर माशी लहानखुरी निपजते. एकाच पिकाच्या परागातून सगळी पोषकद्रव्यं मिळत नाहीत, शिवाय पिकाचा फुलोरा काही आठवड्यांत संपतो आणि पुढे उपासमार होते. अर्धपोटी माशीला कीटकनाशकाचा थोडा अंशही जास्त भोवतो. फुलं मोजकीच उरली की सगळ्या जाती त्यांच्यावरच गर्दी करतात, आणि विषाणू व इतर रोगजंतू फुलांवरूनच एकीकडून दुसरीकडे जातात. त्यात लहान माश्या घरट्यापासून काहीशे मीटरच उडतात. दूरचं अभयारण्य कितीही समृद्ध असो, तुमच्या शिवारातल्या माशीला ते गाठता येत नाही. तिच्यासाठी तुमचा बांध हेच रान आहे.

कोणी म्हणेल, मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणता येतात, मग रानातल्या माश्यांची काळजी कशाला? पेट्या उपयोगी आहेतच, पण त्या रानमाश्यांची जागा घेऊ शकत नाहीत. वांग्याच्या फुलात पराग बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. तो झाडून काढायला फूल धरून अंग थरथरवावं लागतं. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या ते करतात. पेटीतल्या माशीला ते जमत नाही. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरातल्या ४१ पीकपद्धतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेटीतल्या माश्या कमी असोत वा जास्त, रानकीटकांच्या वावराने फळधारणा वाढते, असं त्यात दिसलं.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे : राखलेल्या बांधावर तण माजेल, कीड आसरा घेईल. काही तणांवर पिठ्या ढेकूण वाढतो, हे खरं आहे. म्हणून बांध मोकाट सोडा असं आमचं म्हणणं नाही. गाजरगवत फुलण्याआधी हाताने उपटा, कीड पोसणारी झाडं काढा, बाकीची राहू द्या. त्याच फुलांवर किडी खाणारे मित्रकीटकही जगतात. बांधावर तसंही पीक नसतं, त्यामुळे पेऱ्यातली जागा जात नाही. माशी चावेल ही भीतीही या बाबतीत फारशी नको, कारण एकेकट्या माश्यांना राखायला पोळं नसतं आणि त्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी. त्याला डिवचू नका, धूर करू नका, हंगाम सरला की ते आपणहून स्थलांतर करतं.

तेव्हा एवढं करा. एका बांधावर दोन हात रुंदीची माती न नांगरता ठेवा. वठलेला ओंडका आणि पोकळ काड्या तिथेच राहू द्या. बाभूळ, बोर, करंज, कडुनिंब, शेवगा, निर्गुडी यांतली जी झाडं तुमच्या मातीत रुजतात ती मिसळून लावा, म्हणजे वर्षाच्या वेगवेगळ्या काळात फूल मिळेल. पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळा. अगदीच गरज पडली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा. गायरान आणि रस्त्याकडेच्या झुडपांसाठी येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. एका शेताचा बांध थोड्याच माश्यांना पुरेल, पण शेजाऱ्याचा बांध त्याला जोडला गेला तर माशीला शिवारभर वाट मिळेल. म्हणून हे आवाहन वाचून थांबू नका. आजच शेजाऱ्याशी बोला आणि कोणता बांध राखायचा ते दोघांनी मिळून ठरवा.