सामाईक दार, स्वतंत्र किल्ली

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका घडली. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांकडे एक ईमेल पोहोचला होता. तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापाशी येऊन थांबला. त्या घरातील वाय-फायला कुलूपच नव्हते. पुढील दोन महिन्यांत माटुंग्यातील एका महाविद्यालयाची आणि चेंबूरमधील एका कंपनीची इंटरनेट जोडणी याच रीतीने वापरली गेली. कृत्य करणारे निराळेच होते. परंतु पोलीस प्रथम पोहोचले ते ज्यांच्या नावे जोडणी होती त्यांच्या दारी.

आज घरोघरीच्या वाय-फायला परवलीचा शब्द असतो. तोच प्रश्न आता निराळ्या वेषात आला आहे. २०२०च्या टाळेबंदीत कार्यालये घरांत शिरली आणि मुंबईपासून ६८ किलोमीटरवरच्या बदलापुरात राहणाऱ्या नोकरदाराला लोकलच्या गर्दीतून काही दिवस तरी सुटका मिळाली. उल्हासनगरच्या जपानी बाजारातील व्यापाऱ्याचा हिशेब त्याचा हिशेबनीस घरून लिहू लागला, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार मालाची नोंद फोनवर पाहू लागला. हे सारे सुरक्षित राहावे म्हणून कूटबद्ध प्रॉक्सी सर्व्हर बसवला जातो. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. कर्मचाऱ्याच्या संगणकापासून सर्व्हरपर्यंतचा मजकूर कुलूपबंद जातो, वाटेत कोणास वाचता येत नाही. आणि तेथून पुढे जगाशी जो व्यवहार होतो तो मुखत्याराच्या नावे होतो. पलीकडच्या बँकेला किंवा सरकारी संकेतस्थळाला दिसतो तो केवळ सर्व्हरचा पत्ता.

सगळी सोय येथे आहे आणि सगळा धोकाही येथेच आहे. वीस माणसे एका मुखत्यारामार्फत व्यवहार करतात, तेव्हा त्यांतील एकाच्या दुष्कृत्याचा पहिला डाग वीसही जणांवर पडतो.

असा सर्व्हर उभारणे आता अवघड राहिलेले नाही. स्क्विडसारखी प्रॉक्सी प्रणाली विनामूल्य आहे; मार्च २०२०मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली वायरगार्ड ही कूटबद्ध बोगद्याची प्रणालीही तशीच. जाणता तरुण एका दुपारी हे काम उरकतो. कसोटी लागते ती दुसऱ्या दिवसापासून. पुष्कळ ठिकाणी सर्वांना मिळून एकच परवलीचा शब्द दिला जातो, तो व्हॉट्सअॅपवरून फिरतो आणि नोकरी सोडून गेलेल्याच्या फोनमध्येही तसाच राहतो. दुकानाची किल्ली परत घेतल्याखेरीज नोकराचा हिशेब चुकता न करणारा मालक या अदृश्य किल्लीविषयी मात्र चकार शब्द काढत नाही!

वस्तुतः उपाय प्रणालीतच आहे. वायरगार्डमध्ये प्रत्येक उपकरणास किल्ल्यांची स्वतंत्र जोडी असते. गुप्त किल्ली वापरणाऱ्यापाशीच राहते, सर्व्हरवर केवळ तिची उघड जोडीदार नोंदवली जाते. माणूस गेला की त्याची नोंद पुसायची. त्याचे दार बंद होते आणि इतरांच्या कामात खंड पडत नाही. सामाईक परवलीच्या शब्दात ही सोय नाही. तो बदलावा तर वीसही जणांना पुन्हा द्यावा लागतो, म्हणून तो बदललाच जात नाही.

कायद्यानेही आता हात झटकता येत नाहीत. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक झाले. लहान उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२पर्यंत मुदत मिळाली होती, ती केव्हाच सरली. सर्वांसाठी एकच किल्ली असेल, तर जपलेली नोंद काय सांगणार? कोणीतरी आत आले होते, एवढेच. निरपराध कर्मचाऱ्याला आपले निरपराधित्व दाखवण्याचे साधनच त्यामुळे उरत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. प्रॉक्सी चालवणाऱ्याला कोणी कोणते संकेतस्थळ केव्हा उघडले हे बहुधा दिसते. कर्मचारी कोणत्या रुग्णालयाची माहिती शोधतो, कोठे दुसरी नोकरी पाहतो, हे मालकाने चवीने वाचावे काय? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आहे. नोंदी जपाव्यात, पण त्या उघडण्याचा अधिकार कोणास व कोणत्या कारणासाठी, हे आधीच लिहून सर्वांना सांगितलेले असावे.

या साधनाकडून अवास्तव अपेक्षाही नकोत. शाळेतील बालिकांवरील अत्याचाराच्या संतापातून २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोकांनी रेल्वे रोखली, आणि दुसऱ्या दिवशी शहरातील इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. रस्ताच बंद झाल्यावर बंदिस्त गाडी असून उपयोग नसतो.

या तिन्ही शहरांतील व्यापारी संघ, पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्था दरवर्षी हिशेब तपासून घेतात. त्याच बैठकीत सर्व्हरवरील किल्ल्यांची यादी वाचून दाखवावी आणि प्रत्येक नावापुढे तो माणूस अद्याप संस्थेत आहे की नाही, हे विचारावे. अर्ध्या तासाचे काम आहे.