कानतुटका कप



दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला आपण एकमेकींना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. आता तर एकच मेसेज सगळ्या ग्रुपवर जातो. मीही पाठवते. पण माझं मत विचाराल तर क्षमा मागायला एक दिवस पुरतो, मन पालटायला वर्षं लागतात. आणि ते पालटलं की नाही, हे आपल्या स्वयंपाकघरात कळतं.

हे मला नीट उमगलं ते लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढलेल्या. त्यांच्यावर आभाळच कोसळलं. पुढे त्या यजमानांजवळ राहायला आल्या, तरी स्वयंपाक-पाणी वेगळंच ठेवलं. मग विचार करता करता त्यांना पटलं, की जातपात देवानं केलेली नसून माणसानं केलेली आहे. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही हातचं खाणंपिणं सुरू केलं. बाप्तिस्मा 1900 साली घेतला. म्हणजे विधी झाला त्याच्या आधीच मन वळलं होतं.

ख्रिस्ती लोक ज्याला पश्चात्ताप म्हणतात, त्यासाठी त्यांच्या मूळ ग्रीक ग्रंथात ‘मेटानोइया’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ मन बदलणं. आपलं प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणं. दोन्हीत रडण्यापेक्षा वळण्याला महत्त्व आहे. शिवाय आपल्या सहा आवश्यकांत प्रतिक्रमणाबरोबर प्रत्याख्यानही आहे, म्हणजे पुढे ते न करण्याचा नेम. आपण पहिलं म्हणतो आणि दुसरं विसरतो.

आता माझंच सांगते. इथे पूर्णेत आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता. कान तुटलेला, मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवलेला. त्या मांसाहार करतात म्हणून शुद्धीसाठी, असं मी मनाला सांगायचे. पण मुलाचे मित्र आले की त्यांना चांगल्या कपबशीत चहा. ते बाहेर काय खातात, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी कॉमर्सची पदवीधर, हिशेबात चूक राहिली की मला झोप येत नाही. ही चूक मात्र मी दरवर्षी पुढच्या पानावर ओढत होते, आणि वर क्षमावाणीही करत होते.

एका सकाळी घरातल्या कपात त्यांना चहा दिला. त्यांनी तो हातात घेतलाच नाही. “काकू, माझा कप कुठं गेला?” म्हणत कोनाड्यात शोधू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो वेगळेपणा मी त्यांच्याही अंगवळणी पाडला होता. पहिले काही दिवस तो कप त्यांनी विसळून ठेवला, तरी मी हळूच पुन्हा घासायचे. तेही सुटलं, पण सावकाश.

कुणी म्हणेल, हळूहळू म्हणजे टाळाटाळच की! तसं नाही. टाळणारी त्या गोष्टीचा विचारच करत नाही. लक्ष्मीबाई सतत स्वतःशी भांडत होत्या, आणि पटल्यावर थांबल्या नाहीत. दुसरी म्हणेल, आपल्या धर्मात काय कमी आहे म्हणून त्यांचं उदाहरण? कमी काहीच नाही. आपला आहार, आपले नेम मी आजही पाळते. पण अनेकांतवाद मानणाऱ्यांनी चांगलं दिसेल तिथून घ्यावं.

येत्या क्षमावाणीला मेसेज जरूर पाठवा. त्याआधी एकदा आपल्या घरातला कोनाडा बघा. तिथे कुणाचा कप आहे का? असेल, तर पहिली क्षमा तिची मागा, आणि चहा आपल्या कपात द्या.