डेटाबेससाठी सरांची वाट किती दिवस बघायची?

समजा, तुमच्या प्रोजेक्टला डेटाबेस हवाय. काय करता? लॅबच्या सरांना गाठता. सर मीटिंगमध्ये असतात. दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागात. तिसऱ्या दिवशी सापडतात आणि एका कागदावर लॉगिन-पासवर्ड लिहून देतात. मागच्या बॅचला दिला होता तोच. शेजारच्या ग्रुपकडेही तोच. काही लॅबमध्ये तर तो फळ्यावरच लिहिलेला असतो आणि पुसायचा नाही म्हणून भोवती चौकट!

मी मास कॉमची. ही डेटाबेसमध्ये कुठे घुसली, असं आयटीवाल्यांना वाटेल. सांगते. गेल्या वर्षी आमच्या गटाने एसटीने ये-जा करणाऱ्या मुलामुलींचा सर्व्हे केला. घरातून किती वाजता निघता, पहिली गाडी चुकली तर कोणतं लेक्चर बुडतं, संध्याकाळची शेवटची गाडी मिळावी म्हणून प्रॅक्टिकल अर्धवट सोडावं लागतं का, असे प्रश्न. एकूण ४१२ नोंदी. एक्सेल शीट चौघांच्या हातात फिरून तिच्या चार आवृत्त्या झाल्या, म्हणून डेटाबेस घेतला. टेबलला नाव दिलं ‘सर्व्हे’. आता सांगा, प्रोजेक्टच्या दिवसांत कॉलेजातल्या किती ग्रुपच्या टेबलचं नाव ‘सर्व्हे’ असेल?

एका ग्रुपने आपलं जुनं टेबल समजून आमचं उडवलं. एक ओळ, एक एंटर. दोष त्यांचा नाही, सगळे एकाच लॉगिनने आत होते, त्यामुळे सगळेच सगळ्याचे मालक होते. सर म्हणाले, स्नॅपशॉट आहे. होता खरा, पण सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीचा. शिवाय तो अख्ख्या मशीनचा. तिथे मागे जायचं तर बाकी सगळ्या ग्रुपचं कामही पुसलं जाणार. २६० फॉर्म कागदावर होते, ते आम्ही दोन रात्री जागून पुन्हा भरले. फोनवर घेतलेल्या १५२ जणांचं बोलणं गेलं ते गेलंच. त्यातल्या बऱ्याच जणी पहाटे उठून गाडी पकडणाऱ्या होत्या. ज्यांच्यासाठी बातमी करायची, त्याच बातमीतून गळल्या.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रत्येक कॉलेजने डेटाबेस ‘सेल्फ सर्व्हिस’ करावा. उडप्याकडे जसं काउंटरवर टोकन घेता, आपली प्लेट आपण उचलता, तसं. फॉर्म भरायचा, पाच-दहा मिनिटांत आपला, फक्त आपला डेटाबेस मिळाला पाहिजे. कुणाची सही नको, कुणाची मनधरणी नको.

ही काही माझी आयडिया नाही. अॅमेझॉनने २००९ मध्येच भाड्याने डेटाबेस देणारी आरडीएस ही सेवा सुरू केली. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या केली, तेव्हा पाच लक्षणांत पहिलं हेच घातलं : देणाऱ्या माणसाशी बोलावं न लागता घेणाऱ्याला हवं ते घेता आलं पाहिजे. मग क्लाउडवरच का नाही घ्यायचं? शिकायला जरूर घ्या. पण तिथे बऱ्याचदा कार्ड मागतात, ते आपल्यातल्या किती जणांकडे आहे? फुकटची मर्यादा कधी संपली हे कळलं नाही तर बिल येतं. आणि लोकांनी विश्वासाने दिलेले फोन नंबर तुम्ही कुठे ठेवताय, हाही प्रश्न आहेच.

कॉलेजात करायला लागतं काय? वाटतं त्यापेक्षा कमी. एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवण्याचं तंत्र, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, आयबीएमच्या मोठ्या मशीनवर १९६०च्या दशकातच आलं. आज त्यासाठी लागणारं केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. प्रॉक्समॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतं आणि ब्राउझरमधून सांभाळता येतं. एक व्हर्च्युअल मशीन नीट तयार करायचं, त्यात पोस्टग्रेस टाकायचं आणि त्याचा टेम्प्लेट करून ठेवायचा. फॉर्म आला की स्क्रिप्ट टेम्प्लेटची प्रत काढते, नवा पासवर्ड बनवते आणि विद्यार्थ्याला मेल करते. मूळ काम एवढंच.

आता हिशेब. ३२ जीबी रॅमचं मशीन घ्या. चार जीबी त्याच्या स्वतःसाठी ठेवा. प्रत्येकाला दोन जीबी दिली तर १४ मशीन होतात. वर्गात मुलं ६०. म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र मशीन हा हट्ट चालणार नाही. माझ्या मते, सेकंड इयरच्या एसक्यूएल प्रॅक्टिकलला एकाच मशीनवर प्रत्येकाचा वेगळा डेटाबेस आणि वेगळं लॉगिन पुरे. स्वतंत्र मशीन फायनल इयरच्या प्रोजेक्टला. एकत्र राहण्याची किंमत अशी की एकाने अगडबंब क्वेरी टाकली की सगळ्यांचं हळू होतं. मेसमध्ये एकच तवा असला की होतं तसंच. आणि एक खाच लक्षात ठेवा. पोस्टग्रेसमध्ये नवा डेटाबेस बनवला की त्याला जोडायची परवानगी मुळात सगळ्यांना असते. ती मुद्दाम काढून घ्यावी लागते.

सरांची बाजूही खरी आहे. कॉलेजात एकच सिस्टीमवाला माणूस. प्रिंटर त्याच्याकडे, परीक्षेचे फॉर्म त्याच्याकडे, प्राचार्यांचा प्रोजेक्टरही त्याच्याकडे. तो म्हणतो, पोरांच्या हातात दिलं तर वाट लावतील. लावतील ना! म्हणूनच तर आपली वाट आपल्याच चौकटीत लागेल अशी सोय हवी. डिस्कला मर्यादा हवी, दहा जीबी म्हणजे दहाच. फॉर्ममध्येच मुदत हवी, सबमिशननंतर महिनाभराने आठवणीचा मेल आणि मग बंद. नाहीतर तीन बॅचपूर्वी पास झालेल्यांचे डेटाबेस रॅम खात बसतात आणि कुणाचे आहेत हे कुणालाच माहीत नसतं. आणि कॉलेजच्या नेटवर्कबाहेरून कुणाला आत येता येऊ नये. २०२० मध्ये इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे पडलेले हजारो डेटाबेस कुणीतरी आपोआप पुसत गेलं आणि त्या जागी ‘म्याव’ लिहून गेलं. ऐकायला गंमत वाटते. ज्याची थिसिस त्यात होती त्याला नसेल वाटली.

पण सगळ्यात जास्त भांडायचं ते बॅकअपवरून. त्याच डिस्कवर ठेवलेला स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही गेले. रोज रात्री प्रत्येक डेटाबेसची वेगळी प्रत दुसऱ्या मशीनवर गेली पाहिजे. वेगळी अशासाठी, की तुमचं परत आणताना माझं मागे जाऊ नये. आणि ती प्रत परत उघडते का, हे बघितलं पाहिजे. मोठेही इथेच आपटतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनीअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरलं. बॅकअपकडे वळले, तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस तयारच होत नव्हता. तो फसल्याचे मेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. वाचले ते सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या स्नॅपशॉटमुळे. म्हणजे नशिबाने. मला यात आवडतं ते पुढचं. त्यांनी काहीही न लपवता दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि चुका सविस्तर लिहून काढल्या. आमच्याकडे मात्र ‘सर्व्हर डाउन होता’ एवढ्यावर विषय मिटला होता.

तुम्ही आयटीचे असाल तर फायनल इयरला तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम करण्यापेक्षा हे करा. विभागाला मागा की जुना सर्व्हर आम्हाला द्या. आयटीचे नसाल, आमच्यासारखे सर्व्हे करणारे, अर्थशास्त्रवाले, सायकॉलॉजीवाले असाल, तर निदान आपल्या नावाचं वेगळं लॉगिन मागा, आणि बॅकअप शेवटचा कधी उघडून बघितला, हे विचारा. उत्तर देताना समोरचा थांबला तर आपली एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, आजच.

आमच्याकडे थर्ड इयरच्या दोघींनी लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर हे सुरू केलंय. फॉर्म चालतो, सध्या नऊ जणांचे डेटाबेस त्यावर आहेत, एसटीचा सर्व्हे पुन्हा घेतोय तोही तिथेच. सिस्टीमवाले सर आधी नाही म्हणाले होते, आता पासवर्ड विसरलेल्यांना ते स्वतःच फॉर्मची लिंक पाठवतात. बॅकअप रोज रात्री होतोय. तो उघडतो का, ते अजून बघायचंय. शनिवारी दुपारी आमचाच डेटाबेस मुद्दाम उडवणार आहोत.