तासांचा धंदा

मेकॅनिकलवाला असो की सिव्हिलवाला, फायनल इयरला सगळ्यांची लाईन शेवटी एकाच दारात लागते, आयटी कंपनीच्या! ॲप्टिट्यूड क्लिअर झाली की घरी पेढे, आणि शेजारच्या काकूंना "आमचा हिंजवडीला लागला" असं सांगायची सोय. ही सोय किती दिवस टिकेल याची मला शंकाच आहे.

या कंपन्या विकतात काय? बरंचसं माणसांचे तास. परदेशातल्या बँकेचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं, टेस्टिंग करायचं, बग काढायचे आणि किती माणसं किती तास बसली त्याचं बिल डॉलरमध्ये लावायचं. वायटूकेच्या वेळी या धंद्याला चांगलाच जोर आला. वर थोडे अनुभवी, खाली कमी पगारातली फ्रेशर्सची फौज. म्हणजे आपण.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यामागोमाग कोड लिहिणारी, टेस्ट केसेस काढणारी टूल्स. ती चुका करतात, मान्य. (आपण काय कमी करतो?) पण दहा तासांचं काम सहा तासांत होणार असेल तर क्लायंट दहाचे पैसे का देईल? गंमत म्हणजे कंपनी जितकं एआय वापरेल तितकं तिचंच बिल कमी!

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० म्हणजे २ टक्के माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. कारण एआय नाही, कौशल्यं जुळत नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. मला तरी या दोन्हींत फार अंतर दिसत नाही.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. एआयने लिहिलेला कोड आज जो सिनिअर तपासतो, तो शिकला कुठे? हेच कंटाळवाणे बग दोन-दोन वर्षं काढत! ते काम मशीनकडे गेलं तर आपल्या शिकण्याची दोन वर्षं कोणाच्या खर्चाने? क्लायंट देणार नाही, कंपनी टाळणार. मग उरलं कॉलेज. आणि इथे आपण अजून सी प्रोग्रॅमचे प्रिंटआऊट जर्नलमध्ये चिकटवतोय, प्रोजेक्ट तर सरळ विकत आणतोय.

आपल्या लायब्ररीचं सॉफ्टवेअर नेमकं परीक्षेच्या तोंडावर बंद पडतं. ते थर्ड इयरच्या हातात द्या ना, सबमिशन म्हणून! एआय वापरू द्या, पण वायवात प्रत्येक ओळीचा जाब विचारा. ग्रंथपाल सरांशी बोलायला मी तयार आहे.