नर्सबाई राजीनामा देतात

आमच्या मजल्यावर चार नर्सेस काम करतात. हापिसात दवाखाना वगैरे काही नाही, पुण्यातली साधीसुधी आयटी कंपनी आहे. त्या आमच्यासारखंच कार्ड दाखवून आत येतात, मशीनचा तोच पाणचट चहा पितात आणि दिवसभर अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे केसपेपर वाचून त्यावर बिलाचे कोड टाकतात. ह्याला मेडिकल कोडिंग म्हणतात. (आपल्या कोडिंगशी संबंध नाही. पण चूक झाली की क्लायंट बोंबलतो, हे साम्य आहे.) अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० पद्धत लागू केली आणि निदानाचे कोड साधारण १४ हजारांवरून ६८ हजारांच्या घरात गेले. मग केसपेपर नुसता वाचणारी नाही, वाचून समजणारी माणसं हवीशी झाली.

ह्या चौघी वॉर्ड सोडून इथे का आल्या, असं मी एकदा जेवताना विचारलं. मला वाटलं होतं पगार म्हणतील. त्यातल्या सगळ्यात मोठ्या ताई म्हणाल्या, "इथे पाणी पिता येतं." म्हणजे? तर ड्यूटीवर असताना बाथरूमला जायला वेळ मिळणार नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही बारा वर्षांची सवय. बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या. पगाराचा विषय त्यानंतर निघाला.

हे सगळं आठवायचं कारण माझी मावसबहीण. अकरा वर्षं नर्स आहे, त्यातली सहा आयसीयूत, शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट हातात घेऊन माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "दादा, टेस्टिंगचा क्लास लावू का? पन्नास हजार सांगतोय, नोकरीची गॅरंटी देतो म्हणतो." मी काही बोलायच्या आत मावशीने ऐकलं. "अगं, एवढं पुण्याचं काम सोडून कॉम्प्युटरवर काय बसतेस!"

मंडळी, हा 'पुण्याचं काम' नावाचा शब्दप्रयोग मला हल्ली फार खटकतो. आमच्या अप्रायझलच्या मीटिंगमध्ये कोणी कोणाला पुण्य देऊ करत नाही. केलंच तर ती माणसं दुसऱ्या दिवशी रेझ्युमे अपडेट करतील. नर्सच्या बाबतीत मात्र आपण सगळेच पुण्याच्या नोटा छापतो. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण बाल्कनीत थाळ्या वाजवल्या. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खासगी हॉस्पिटलांतल्या शेकडो नर्सेस नोकऱ्या सोडून मणिपूरला आणि इतर राज्यांत आपापल्या घरी निघून गेल्या. थाळीच्या आवाजाने कोणी थांबलं नाही.

बरं, पैशाचं काय व्हायला हवं हे कोणाला माहीत नाही असंही नाही. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगाराचा आणि कामाच्या परिस्थितीचा विचार करायला समिती नेमायला सांगितली. त्याच वर्षी समितीने शिफारस केली: दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका, आणि पन्नास खाटांच्या आतलं हॉस्पिटल असलं तरी महिना २० हजारांच्या खाली नाही. केंद्राने हे राज्यांना कळवलं. केरळमध्ये नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ मध्ये तिथे किमान वेतन २० हजार झालं. मी हे आकडे सांगितले तेव्हा मावसबहीण हसली. ती सहा वर्षांपूर्वी ह्या हॉस्पिटलात लागली तेव्हा तिला हातात साडेतेरा मिळत होते.

आता तुमच्या घरातलं शेवटचं हॉस्पिटलचं बिल काढा. (कंपनीच्या मेडिक्लेमसाठी स्कॅन करून ठेवलेलं असेलच.) त्यात बहुतेक वेळा रूमच्या खाली एक ओळ सापडेल, 'नर्सिंग चार्जेस'. पॉलिसीच्या कागदातही रूम, बोर्डिंग आणि नर्सिंग अशी जोडी असते. म्हणजे नर्सचं काम किमतीला लावलं गेलेलं आहे, आपण ते भरतोही. त्या ओळीला 'पुण्य' असं नाव दिलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

ही नुसती नर्सच्या पगाराची गोष्ट असती तर मी इतकं लांबण लावलं नसतं. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांवर लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्या पेशंटांची आकडेवारी होती. नर्समागे एक पेशंट वाढला की पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्सचं बर्नआउट होण्याची २३ टक्क्यांनी. आपल्या भाषेत सांगायचं तर लोड वाढवत नेला तर सर्व्हर एकदम पडत नाही, आधी रिक्वेस्ट गळायला लागतात. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये ह्यासाठी कायदा केला आणि तो २००४ पासून अमलात आला. आज तिथे साध्या वॉर्डात एका नर्सकडे पाचापेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत.

जाता जाता, खुद्द नाइटिंगेल बाई आकडेवाल्या होत्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे त्यांनी आलेख काढून सरकारच्या गळी उतरवलं. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं, पहिली स्त्री म्हणून. आपण लक्षात काय ठेवलं? हातातला दिवा. असो.

तर टेस्टिंगचा क्लास. मी तिला नको म्हणालो, आणि पुण्याच्या कारणाने नव्हे. नोकरीची गॅरंटी देणारा क्लासवाला आणि लॉटरीवाला ह्यांच्यात मी फार फरक करत नाही. शिवाय आमच्याकडे फ्रेशर घेणं किती कमी झालंय ते तुम्हाला माहीत आहेच. मेडिकल कोडिंगमधलीही सोपी कामं आता मशीन उचलायला लागलंय. तिशी ओलांडलेल्या बाईने अकरा वर्षांचा अनुभव कचऱ्यात टाकून बावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं राहायचं कशाला? तिला काय येतं बघा ना. मॉनिटरचे पाच आवाज एकदम सुरू असताना कुठला खरा आणि कुठला वायर निघाल्याचा, हे ती मान न वळवता सांगते. हँडओव्हर देते तो असा की पुढच्या पाळीला एक प्रश्न विचारावा लागत नाही. आमच्याकडे प्रॉडक्शन सपोर्टला अशी माणसं शोधून सापडत नाहीत.

म्हणून मी म्हटलं, सोडायचं तर सोड, पण बाजूच्या दाराने बाहेर पड. विमा कंपनीचं क्लेम डेस्क, हॉस्पिटलचं क्वालिटी खातं, औषधांच्या चाचण्यांचं काम. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेव, उद्या परत जावंसं वाटलं तर. जर्मनीचंही बोललो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला त्यात नर्सेसही आहेत. पण मुलगा तिसरीत, सासूबाईंचा गुडघा, ते तिथेच संपलं.

सोडून जाणाऱ्या नर्सला पळपुटी म्हणणाऱ्यांशी मला भांडायचंच आहे. आम्ही दर दोन वर्षांनी कंपन्या बदलतो त्याला करिअर ग्रोथ म्हणतात. तिने अकरा वर्षांनी एकदा बदलली तर लगेच समाजाचं काय होणार? समाजाने ह्याची काळजी पगारपत्रकात करावी.

पण एक गोष्ट मला सुटत नाही, तीही सांगतो. तिला क्लेम डेस्कवर नोकरी लागली. रविवारची सुट्टी, रात्रपाळी नाही, पगार जरा बरा. जानेवारीत तिने राजीनामा दिला. तिच्या आयसीयूत आठ खाटा आहेत आणि पाळीला तिघी असायच्या. नियमाच्या पुस्तकात आयसीयूत एका पेशंटला एक नर्स आहे, ते सोडून द्या. तिच्या जागेवर अजून कोणाला घेतलेलं नाही. आता त्याच आठ खाटा दोघी बघतात, आणि त्यातल्या एकीने परवा तिला फोन करून विचारलं, "तुमच्याकडे अजून जागा आहे का गं?"